हौसावहिनींचं खळं

त्या दिवशी मी ड्यूटीवरून नुकताच केडगावच्या घरी आलो होतो. फोन वाजला. निमोण्याहून दादा बोलत होता. "तुझी वहिनी गेली रे," एवढंच म्हणाला. मागून बायांचं रडणं ऐकू येत होतं... दुपारचं जेवण करून, भांडी आवरून हौसावहिनी ओसरीवर आडव्या झाल्या होत्या. चहाला हाक मारली, तर उठल्याच नाहीत. आजारपण नाही, अंथरूण धरणं नाही. आता महिना उलटून गेलाय. रडून झालंय, आणि आठवतात त्या वहिनी बहुतेक हसऱ्याच आठवतात, म्हणून लिहायला बसलो.

नव्वद सालानंतर दादानं ट्रॅक्टर घेतला, पाठोपाठ मळणीयंत्र आलं. ट्रॅक्टरच्या मागून निघणाऱ्या फिरत्या दांड्यावर ते यंत्र चालतं. त्या दांड्यावर झाकण असतं, पण ग्रीस मारायला अडचण होते म्हणून दादानं ते काढून गोठ्यात टाकलं होतं. तेव्हा सगळेच काढायचे. पहिल्याच हंगामात बाजरीची मळणी चालली असताना वहिनी कणसं उचलायला वाकल्या आणि त्यांच्या पदराचं टोक दांड्यात गेलं. मी पाटी घेऊन समोरच होतो. ओरडायलाही त्यांना वेळ मिळाला नाही. दादानं झेप घेऊन ट्रॅक्टर बंद केला, तोवर पदरामागोमाग डावा हात ओढला गेला होता... लुगडं जुनं होतं, टर्रकन फाटलं, म्हणून वहिनी वाचल्या. शिरूरच्या दवाखान्यात हात वाचला, पण कोपरात कायमचा वाकडा झाला आणि मूठ पुरती वळेनाशी झाली.

दवाखान्यात खाटेशेजारी बसून दादा सारखा एकच म्हणत होता, "इकून टाकतो. नगंच ते." वहिनी तिसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाल्या, "ट्रॅक्टरनं काय केलंय? झाकन घाला त्येच्यावर. आन् बोल्ट असं आवळा, का परत काढायचा तुमालाच कटाळा आला पायजे." दादा हसला आणि मग तोंड फिरवून डोळे पुसत बसला.

घरी आल्यावर त्यांनी दादाचा एक जुना शर्ट घेतला. कापड गुडघ्याखाली दाबून उजव्या हातानं त्याच्या बाह्या कोपराच्या वर कापल्या, पदर आत खोचून वरून तो शर्ट घातला, बटणं लावली आणि डोक्याला रुमाल घट्ट बांधला. बाया हसल्या. "हौसा, नवऱ्याचा शर्ट घालून कारभार करायला निघालीस का?" वहिनीही हसल्या. "निघाले की. तुमी बी या." पुढच्या हंगामापर्यंत आमच्या खळ्यावर शर्ट घातल्याशिवाय एकही बाई दिसत नव्हती.

पण खरी गोष्ट घडली ती आप्पांच्या खळ्यावर. आप्पा म्हणजे भावकीतले थोरले, गावात त्यांचा शब्द मोडायची रीत नव्हती. एकमेकांच्या मळणीला सगळ्यांनी जायचं, तशा वहिनी आणि बाकीच्या बाया त्यांच्याकडं गेल्या होत्या. पाहतात तर दांडा उघडा. वहिनींनी पाटी खाली ठेवली.

"आप्पा, झाकन न्हाई."

"इतकी वर्सं न्हवतं. कुनाला काय झालं?"

वहिनींनी वाकडा हात पुढं केला. मग शांतपणे म्हणाल्या, "मशीन तुमचं हाय, आप्पा. बाया आमच्या हायेत." आणि बांधावरच्या लिंबाखाली जाऊन बसल्या. मागोमाग एकेक करत सगळ्या बाया गेल्या. आभाळ भरून आलं होतं, आप्पांची बाजरी उघड्यावर पडली होती. दादा कावराबावरा झाला, त्याला भावकी तुटायची भीती. तो वहिनींकडं जाऊन हळूच म्हणाला, "आजच्या दिस ऱ्हाऊ दे." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. बराच वेळ आप्पा खळ्यात येरझाऱ्या घालत राहिले... अखेर त्यांनी गड्याला वेल्डरकडं पिटाळलं. पिंपाचा पत्रा कापून केलेलं झाकण आलं, बसलं. तेव्हा पहिली पाटी वहिनींनीच उचलली आणि पोती झाकून होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

आप्पा पुढं वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. त्यानंतर एका सकाळी ते आपणहून अंगणात येऊन उभे राहिले. हातात त्यांचा स्वतःचा पांढरा शर्ट होता. "हौसे, नवी सून आलीया घरात. बाह्या तेवढ्या तू काप," म्हणाले. वहिनींनी आत चहा ठेवायला सांगितलं आणि कात्री काढली.

मागच्या आठवड्यात निमोण्याला गेलो, तेव्हा यंदाच्या बाजरीची मळणी चालू होती. कणसं अडकून यंत्र थांबलं, की दादानं ट्रॅक्टर बंद करायचा आणि किल्ली वहिनींकडं द्यायची, असा घरचा नियम होता. त्या ती कमरेला खोचायच्या आणि यंत्र साफ करणारा लांब झाल्याशिवाय कुणालाही परत द्यायच्या नाहीत. त्या दिवशी यंत्र अडकलं. दादानं ट्रॅक्टर बंद केला, किल्ली काढली आणि सवयीनं हात बाजूला केला. घ्यायला कुणी नव्हतं. तो तसाच उभा राहिला... मग आप्पांची सून पुढं आली, तिनं किल्ली घेतली आणि कमरेला खोचली. दादानं अडकलेली कणसं काढली, हात झटकले आणि किल्ली मागितली.

"आदी लांब व्हा की, भावजी," ती म्हणाली.

दादा हसला आणि लांब झाला.