बापाच्या भूमिकेत वैशाली

“मॅडम, प्रॉम्प्टर कुठी बसवू? टेबलाखाली का पडद्याच्या मांगं?”

निखिलने हे विचारलं तेव्हा मी स्टेजच्या पायरीवर बसून चहा पीत होते. दुसऱ्या दिवशी आमच्या ज्युनियर कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं. बारावीच्या पोरांचा इंग्रजीचा एक छोटा कार्यक्रम मी ठेवला होता. माझ्या डोक्यात दोन खुर्च्या, दोन मुली आणि पाच मिनिटांचा संवाद एवढंच होतं. पोरांनी पडदा आणला होता, हार्मोनियम आणली होती आणि आता प्रॉम्प्टर हवा होता.

“अरे, हा रोल-प्ले आहे, नाटक नाही,” मी म्हणाले.

“तेच तं म्हणून राह्यलो मॅडम. रोल आहे म्हणजे नाटकच झालं ना.”

चामोर्शीकडच्या पोरांशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नाही. धान कापणी झाली की इकडे गावोगावी झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. पात्रांना तालमीला फारसा वेळ नसतो. प्रॉम्प्टर पुस्तक घेऊन आडोशाला बसतो, एकेक वाक्य पुरवतो आणि पात्र ते ठणकावून म्हणतं. प्रॉम्प्टर नसला तरी नाटक होतं यावर इथल्या पोरांचा विश्वासच नाही. शेवटी निखिल टेबलाखाली बसला. टेबलाला मी प्राचार्यांच्या केबिनमधला हिरवा टेबलक्लॉथ घातला, म्हणजे निदान त्याचे पाय तरी दिसू नयेत.

हे सगळं सुरू झालं ते करिअरच्या धड्यापासून. बारावीला इंग्रजीची तोंडी परीक्षा असते आणि त्यात हमखास येणारा विषय म्हणजे ‘तुम्हाला पुढे काय व्हायचं आहे’. मी वर्गात विचारलं. पहिला म्हणाला, “आय वाँट टू बिकम पोलीस.” दुसरा म्हणाला, “पोलीस.” तिसऱ्याने थोडा बदल म्हणून “फॉरेस्ट गार्ड” सांगितलं आणि लगेच “ऑर पोलीस” जोडलं. मी “व्हाय?” विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच. “बिकॉज इट इज माय ड्रीम.” ड्रीम कसलं, कधी पडलं, काही पत्ता नाही. अर्धा वर्ग तर पहाटे धावायलासुद्धा जात नव्हता.

माझा संताप संताप झाला. मी भद्रावतीची. फॅक्टरीच्या कॉलनीत वाढले. आमच्याकडेही बाप फॅक्टरीत म्हणून पोरगा फॅक्टरीत, असं चालायचं, पण निदान कारण विचारलं तर क्वार्टर मिळतं, कॅन्टीन चांगलं आहे, असं काहीतरी सांगायचे. इथे कारणच गायब.

भाषा शिकवणाऱ्यांकडे दोन मापं असतात. एक अॅक्युरसी, म्हणजे वाक्य बरोबर आहे का. दुसरं फ्लुएन्सी, म्हणजे बोलणं अडखळत नाही ना. माझ्या वर्गात पहिलं कधीच नव्हतं आणि दुसरं कारणापाशी येऊन मरत होतं. मग लक्षात आलं की पोरांना स्वतःचं सांगता येत नाही, पण आईबापांचं बोलणं मात्र त्यांना तोंडपाठ आहे. रोज जेवताना तेच तर ऐकतात. म्हणून मी उलटं केलं. “प्रत्येकाने आपला बाप किंवा आई व्हायचं. शेजारी बसलेल्याने ‘तुम्ही’ व्हायचं. पोरगं करिअरची परवानगी मागेल. तुम्ही इंग्रजीत नाही म्हणा.”

आणि वर्ग सुसाट सुटला. वर्षभर ज्याच्या तोंडून ‘गुड मॉर्निंग’पलीकडे काही निघालं नव्हतं तो पोरगा खुर्चीवर पाय घेऊन बसला आणि ओरडला, “आय सेड नो मीन्स नो! फर्स्ट यू ब्रिंग द बुलक!” क्रियापदं कुठल्या कुठे गेली होती, पण बाई, बोलत होती पोरं.

त्यात वैशालीचा बाप सगळ्यांत भारी. वैशाली वैनगंगेच्या बाजूच्या एका गावची. घर मासेमारीचं, जोडीला थोडा धान. सायन्सला होती, हुशार, पण आवाज इतका बारीक की हजेरीला तिचं “प्रेझेंट” मी अंदाजानेच लिहायची. तिने ओढणीचा, इकडचे बाप्ये खांद्यावर टाकतात तसा, दुपट्टा केला, घसा खाकरला आणि जाड आवाजात म्हणाली, “फिश इज इन अवर तलाव. व्हाय यू आर गोइंग नागपूर टू सी फिश?” वर्ग हसून लोळला. पुढे आणखी. होस्टेलात कोण लक्ष देणार? लोक काय म्हणतील? पोलीस भरतीत धावायचं सोडून मासोळ्यांची डिग्री कशाला? समोर तिची मैत्रीण अश्विनी ‘वैशाली’ झाली होती. ती प्रत्येक वेळी हरत होती. शेवटी वैशालीने दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि निघून गेली.

तास संपल्यावर मी तिला थांबवलं. “हे खरं आहे का गं?”

“हो जी मॅडम. नागपुरात मासोळ्यांचं कॉलेज आहे. चार वर्षांची डिग्री. त्याच्या परीक्षेचा फॉर्म या आठवड्यात भरा लागते. बाबा नाई म्हणते.”

“रागावतात?”

“रागावत नाई. दुपट्टा झटकते अन् जाते. मंग बोलतच नाई.”

“पण तुला हेच का शिकायचंय?”

ती जमिनीकडे बघत म्हणाली, “मले आवडते जी.”

झालं. पुन्हा तेच. मराठीतसुद्धा कारण नाही. मी त्याच संध्याकाळी तिच्या वडिलांना, देवरावभाऊंना, फोन लावला. माणूस अतिशय सभ्य.

“तुमी सांगता ते बरोबर आहे मॅडम.”

“मग फॉर्म भरू द्या ना.”

“तसं नाई जी. पोरगी धावते चांगली. पोलिसात लागून जाईन. मासोळ्या तं मी पकडूनच राह्यलो. त्याच्यासाठी नागपूरले काऊन पाठवू?”

“देवरावभाऊ, ते पकडायचं शिक्षण नाही—”

“संमेलनाले येतो मॅडम. तवा बोलू.” फोन बंद. दुपट्टा झटकल्याचा आवाज मला इकडे ऐकू आला असं वाटलं.

तेव्हाच मी ठरवलं की हाच संवाद संमेलनात करायचा. हो, मुद्दामच. वैशालीला विचारलं तर तिने आधी कानावर हात ठेवले, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाली, “करतो जी मॅडम. बाबा म्हणून बोलाचं तं भेव नाई लागत.”

प्राचार्यांना मात्र भीती वाटली. “मॅडम, पालकांसमोर पालकांची नक्कल? चपला येतील स्टेजवर.”

“इंग्रजीत आहे सर. कोणाला कळणार?”

“मग उपयोग काय? कळलं तर पाहिजे! असं करा, तुम्ही बाजूला माईक घेऊन उभ्या राहा आणि मराठीत सांगत जा. अन् चपला आल्या तर त्याही तुम्हीच झेला.”

त्यांनी हे रागाने म्हटलं होतं, पण माझं काम त्यांनीच सोपं करून ठेवलं.

संमेलनाच्या दिवशी मंडपात बसायला जागा नव्हती. देवरावभाऊ पुढून तिसऱ्या रांगेत, खांद्यावर दुपट्टा, मांडीवर वैशालीचा धाकटा भाऊ. हार्मोनियम वाजली, पडदा सरकला. खुर्चीवर वैशाली. वडिलांसारखाच पांढरा सदरा आणि खांद्यावर तस्साच दुपट्टा. तिने घसा खाकरला आणि मंडपात तिच्या गावकऱ्यांचं जे टोळकं होतं ते खदखदून हसायला लागलं. कोण आहे हे सांगायला माझ्या माईकची गरजच पडली नाही. देवरावभाऊ इकडेतिकडे बघून कसनुसं हसले.

पहिली चार वाक्यं ठरल्याप्रमाणे झाली. वैशाली हरकत घ्यायची, मी मराठीत सांगायची, टेबलाखालून निखिल उत्तर पुरवायचा, अश्विनी ते म्हणायची. होस्टेलला वॉर्डन असते. लोक आज बोलतात, उद्या विसरतात. पोलिसात जागा थोड्या, धावणारे फार. सगळं सुरळीत.

पाचवं वाक्य स्क्रिप्टमध्ये नव्हतं. वैशाली उठून उभी राहिली आणि म्हणाली, “माय फादर फिश, माय ग्रँडफादर फिश. व्हॉट दॅट कॉलेज नोज, आय डोंट नो?”

मी माईकवर सांगितलं, “बाप म्हणतो, माझ्या बापाने मासे पकडले, आज्याने पकडले. मला माहीत नाही असं त्या कॉलेजला काय माहीत आहे?”

अश्विनीने टेबलाकडे बघितलं. टेबलाखाली पानं उलटल्याचा आवाज. निखिलचा घाबरा चेहरा टेबलक्लॉथच्या फटीतून माझ्याकडे बघत होता. खरं सांगायचं तर उत्तर मलाही माहीत नव्हतं.

झाडीपट्टीतल्या प्रेक्षकाला अडकलेलं पात्र सहन होत नाही. तो मदत करतोच. “बोल ना वो!” मागून कोणीतरी ओरडलं. “घाबरू नोको पोरी!” दुसरं कोणी. अश्विनी आता रडणार असं दिसत होतं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून देवरावभाऊ उभे राहिले, मांडीवरचं पोरगं कडेवर, एक हात हवेत.

“सांग ना वो त्याले! मागच्या साली सारा तलाव उलटा पडला, मासोळ्या मरून मरून वर आल्या, तवा काय समजलं होतं या बापाले? काठावर बसून होता डोक्याले हात लावून! सांग!”

मंडप हसला. मग हळूहळू हसू थांबलं, कारण गावकऱ्यांना ती सकाळ आठवत होती. मला ती गोष्ट नंतर समजली. तलावातली मच्छीमार सोसायटीची सगळी मासळी एका रात्रीत मेली होती. कोणी म्हणालं विष टाकलं, कोणी म्हणालं पाणी बिघडलं. दोन मोहल्ल्यांत भांडणं झाली, पण कारण कोणालाच सांगता आलं नाही. त्या दिवशी वैशाली बापाच्या शेजारी बसून होती. तिचं “मले आवडते” म्हणजे हे होतं, आणि ते तिला कोणासमोर म्हणता येत नव्हतं, कारण त्यात बापाचा हरलेला चेहरा होता.

देवरावभाऊंना आपण काय बोलून बसलो हे कळलं. त्यांनी हवेतला हात खाली घेतला.

टेबलाखालून निखिलचा आवाज आला, आणि त्याने तो कमी करायचीही तसदी घेतली नाही. “अश्विनी, म्हण! लास्ट इयर ऑल फिश डेड! यू नॉट नो व्हाय! आय विल नो!”

अश्विनी छाती काढून म्हणाली, “लास्ट इयर ऑल फिश डेड. यू नॉट नो व्हाय. आय विल नो!”

या वाक्यांत किती चुका आहेत ते मोजायला नको. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं चांगलं इंग्रजी मी ऐकलं नव्हतं.

आता बोलायची पाळी ‘बापा’ची होती. वैशालीने अश्विनीकडे बघितलंच नाही. ती स्टेजच्या कडेला आली आणि तिच्या स्वतःच्या त्या बारीक आवाजात विचारलं, “बाबा, आता मी काय म्हणू?”

देवरावभाऊंनी खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात लावला. मला वाटलं, झटकला आता. पण त्यांनी त्याने तोंड पुसलं.

“हो म्हण,” ते म्हणाले. “आता दुसरं काय म्हणशीन.”

वैशालीने पुन्हा जाड आवाज काढला. “यस,” ती म्हणाली, आणि तिथेच खाली बसून रडायला लागली. पडदा ओढायचं भान कोणालाच राहिलं नाही. मीही रडत होते. माईक सुरू होता, त्यामुळे माझं नाक ओढणं पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं, असं शिपाई आजही सांगतो.

दुसऱ्या दिवशी बापलेक चामोर्शीला ऑनलाइनच्या दुकानात जाऊन फॉर्म भरून आले. जाताना देवरावभाऊ कॉलेजात डोकावले. मला वाटलं आभार मानायला आले असतील.

“मॅडम, पोरीनं माहा आवाज बरोबर नाई काढला,” ते म्हणाले. “मी एवढा जाड बोलतो का जी?”

वैशालीचं नाव पहिल्या यादीत लागलं नाही, दुसऱ्या यादीत लागलं. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. सुटीत गावी येते तेव्हा पहाटे तलावाच्या पाण्याच्या बाटल्या भरते, आणि काठावरच्या पोरांना देवरावभाऊ दटावतात, “सरका बे तिकडे, पाणी ढवळू नका, तिचं काम चालू आहे.” मासे का मेले असतील याची तिने त्यांना तीन शक्य कारणं सांगितली. त्यांतली दोन त्यांना पटली. तिसऱ्यावरून अजून वाद सुरू आहे, म्हणजे आता ते बोलतात.

तोंडी परीक्षेत मी अश्विनीला पूर्ण मार्क दिले. निखिलने आपल्यालाही मिळायला हवेत म्हणून अर्ज केला. टेबलाखालचे मार्क देण्याची सोय बोर्डाने ठेवलेली नाही, असं मी त्याला कळवलं. प्राचार्यांनी पुढच्या वर्षीपासून हा कार्यक्रम कायमचा करून टाकला आणि कल्पना आपलीच होती, असं ते पाहुण्यांना सांगतात.

नवे शिक्षक कधीकधी विचारतात, पोरांना करिअरवर बोलतं कसं करायचं? मी सांगते, ज्याची हरकत आहे त्याला समोर बसवा, उत्तर देणाऱ्याला पाठ झालेलं सगळं संपू द्या आणि मग अजिबात मदत करू नका. खरं उत्तर बहुतेक वेळा हरकत घेणाऱ्याकडेच असतं. फक्त ते त्याला आपल्या पोरीसमोर बसून म्हणता येत नाही, गर्दीत उभं राहून म्हणता येतं.