निम्मं केलं की किलो

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. एकदा त्यांनी ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा घरी सोडताना डॉक्टरांनी एकच बजावलं होतं, "आज शेचाळीस किलो भरल्यात. चव्वेचाळीसच्या खाली गेल्या तर थांबू नका, लगेच घेऊन या." आई-अण्णा तिकडं कन्नड गावात, मी नोकरीपायी इथं शहरात, गारखेड्यात. जीव सगळा तिकडंच.

पुढं अमेरिकेतल्या भावानं वजनकाटा पाठवला. काचेचा, देखणा, पण आकडा पौंडात दाखवणारा. अण्णांचं कुठं अडतंय! कन्नडच्या बेकरीत एक पौंडाचा केक म्हणजे अर्धा किलो, हे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपासून पाठ. रोज सकाळी ते आईला काट्यावर उभं करायचे, आकड्याचं निम्मं करायचे अन् मला फोन लावायचे.

"ब्याण्णव. म्हंजी शेचाळीस. रत्तीभर हालली नाय तुझी आई!"

मलाही हायसं वाटायचं. केक मीसुद्धा तसाच आणत आले होते.

एका शनिवारी गेले. आईनं फळीवरचा डबा काढायला हात वर केला अन् सोन्याच्या पाटल्या सरकत पार कोपरापाशी गेल्या. या पाटल्या साबण लावूनसुद्धा निघत नसत. ऑपरेशनच्या वेळी सिस्टरनं शेवटी कंटाळून त्यांच्यावरून चिकटपट्टी गुंडाळली होती.

"अण्णा, आई किती वाळलीय हो!"

"काटा खोटं बोलतो व्हय? आज नव्वद आलं. पंचेचाळीस. अजून एक किलो हाताशी हाय."

"उन्हाचं जेवण जात नाय गं," आई म्हणाली आणि हातावर पदर ओढून घेतला. तिला पुन्हा दवाखाना नको होता, हे मला त्या पदरावरूनच कळलं.

माझं डोकंच फिरलं. कुणाचं काही न ऐकता जीप बोलावली. अण्णा वाटभर धुसफुसत होते, "उगं लई घाबरट पोरगी. एक किलो बाकी हाय म्हणतो ना." आई खिडकीला डोकं टेकून बसली होती. प्रत्येक गचक्याला पाटल्या एकमेकींवर वाजायच्या आणि मला तो आवाज नकोसा झाला होता.

दवाखान्याच्या काट्यावर एक्केचाळीस आले.

"तुमचा काटा बिघडलाय," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी घरचा आकडा विचारला, मोबाइलवर हिशेब केला. "नव्वद पौंड म्हणजे एक्केचाळीसच, काका. पौंड अर्ध्या किलोपेक्षा कमी असतो. केकला चालतं तसं. आधी का नाही आणलंत?"

तोवर सिस्टर स्ट्रेचर घेऊन आली. "आजी, दागिने काढून द्या." मी सवयीनं साबण मागायला वळले. अण्णांनी ओंजळ पुढं केली, आईनं नुसता हात खाली सोडला. पाटल्या निसटल्या आणि अण्णांच्या ओंजळीत पडल्या.

आईला आत नेलं. दार लागलं तरी अण्णा ओंजळ तशीच धरून उभे होते. "एक किलो बाकी होतं गं," ते मला सांगत होते, "एक किलो बाकी होतं."