देवघरासमोरचा सेन्सर

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून आमच्याकडं धारवाडला येणारा अलार्मवाला चप्पल काढल्याशिवाय काम करत नाही. सेन्सर बसवला की टाचा उचलून, अगदी चोरासारखा, त्याच्यासमोरून चालतो. तांबडा दिवा लुकलुकला की गंभीर चेहऱ्यानं सांगतो, "कळ्ळ बंदा, अक्का." म्हणजे चोर आला. मला दर वेळी हसू येतं.

पहिला सेन्सर आमच्या ह्यांनी हट्टानं देवघरासमोर लावून घेतला होता. "अण्णा, दिव्याची ऊब लागली की ओरडणार हा," असं त्यानं तेव्हाच बजावलं होतं. हे म्हणाले, "ओरडू दे की. कुणीतरी राखण करतंय, हे देवालाही कळू दे."

आता हे नाहीत. संध्याकाळी दिवा लावून, अलार्म चालू करून मी बाहेर पडले की वात हलते आणि भोंगा वाजतो. शेजारीण म्हणते, "अक्का, तुमचा देव बोंबलतोय बघा."

शेवटी अलार्मवाल्याला बोलावलं. त्यानं फक्त दारापुरतं बघणारा सेन्सर निवडला आणि दिव्याकडं पाठ करून लावला. मग जुना काढायला स्टुलावर चढला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "तो ह्यांनी लावलेला रे."

तो थांबला. भोंग्याची तेवढी वायर त्यानं सोडवली, सेन्सर तसाच ठेवला. "इर्ली बिड्री, असू दे," म्हणाला.

निघताना मात्र चप्पल घालण्याआधी परत टाचा उचलून त्या जुन्या सेन्सरसमोरून चालला. तांबडा दिवा लुकलुकला. माझ्याकडं न बघता, वर बघून हळूच म्हणाला, "कळ्ळ बंदा, अण्णा."