झोप झाली?

बसवनगुडीच्या लॅबमधला तो माणूस रक्त काढायच्या आधी प्रत्येकाला विचारायचा, "झोप झाली?"

माझा लेक बोम्मसंद्र्यातल्या कारखान्यात रात्रपाळी करून गळून गेला होता. दुसरीकडच्या तपासणीत पुरुषाचं हार्मोन कमी निघालं, म्हणून इंजेक्शन घेणार होता; त्याआधी मी त्याला या लॅबमध्ये आणलं. त्या माणसानं कागद पाहिला. "रक्त कधी दिलं?"

"संध्याकाळी, कामावर जाताना."

"स्वल्प थांबा, अक्का. झोप नसली की संध्याकाळी हे कमीच दिसतं. आठवडाभर रात्री झोपू दे, मग सकाळी दोनदा तपासू. तरी कमी आलं तर डॉक्टर बघतील. याला मूल हवंय ना? त्या सुईनं बीज आटतं."

लेक करवादला, "रजा कोण देणार?"

"मी जाऊन बसते तुझ्या कारखान्याच्या फाटकात," मी म्हटलं.

रजा मिळाली. दोन्ही आकडे चांगले आले. कागद देताना तो माणूस हसलासुद्धा नाही. "दिवसपाळी मागून घे," म्हणाला, आणि पुढच्याकडे वळला, "झोप झाली?"