निकालानंतरचा पंखा

विमलअक्का गेल्याचं तिच्या मुलीनं, रेखानं, धुळ्याहून फोन करून सांगितलं. दाखल्यावर हृदयविकार लिहिलंय म्हणाली. असेलही. पण कागदावर काय लिहितात आणि का लिहितात, हे मला चांगलं ठाऊक आहे. सगळी नोकरी मी तेच केलं. गावातले लोक म्हणत होते, केस जिंकलेली बाई गेली. मला त्या 'जिंकलेली' शब्दाचाच संशय येतो, म्हणून महिन्याभरानं हे लिहायला बसलोय.

धरणगावजवळच्या एका जिनिंगमध्ये मी कारकून होतो आणि अक्का तिथं यंत्रावर कापूस टाकायची. यंत्र कापसातून सरकी वेगळी काढतं, तेव्हा इतकं बारीक तूस उडतं की समोरची बाई अंधुक दिसते. ते बाहेर ओढायला भिंतीत मोठा पंखा होता, पण तो वीज फार खातो म्हणून बहुतेक वेळा बंद. बायका खोकत घरी जायच्या... अक्कानं जळगावच्या एका वकीलबाईंना गाठलं. केस उभी राहिली. तारखेला गेलं की दिवसाचा रोज बुडायचा. बरोबरच्या बायका एकेक करून गळाल्या. मालकाची माणसं घरी येऊन गोड बोलून गेली, पण अक्का बधली नाही. तिचा स्वभावच संशयी, चहा दिला तरी आधी वास घेणार. शेवटी निकाल तिच्या बाजूनं लागला. यंत्रं चालतील तोवर पंखा चालू ठेवायचा आणि दर पाळीला तशी नोंद करायची, असा हुकूम झाला. बायकांनी हार आणला, तर ही म्हणे, "हंगाम सरू द्या, मंग दखूत."

मालक हुशार. अपिलाच्या भानगडीत न पडता त्यानं निकालाची प्रत चौकटीत घालून केबिनमध्ये लावली. बाहेरगावचे खरेदीदार आले की त्या चौकटीकडे बोट दाखवून सांगायचा, आमच्याकडे बायकांच्या तब्येतीची किती काळजी घेतात पाहा. जो कागद त्याच्या विरोधात होता, तोच त्याचं प्रशस्तिपत्र झाला. कोर्टाच्या दणक्यानं कंपन्या सुधारतात असं कुणी भाषणात म्हणालं की मला ती चौकट आठवते. पहिला हंगाम पंखा फिरला. दुसऱ्या हंगामात पाहुणे असतील तेव्हाच. नोंद मात्र रोज व्हायची, 'पंखा सुरू', आणि ती करणारा मी. शेड माझ्या टेबलापासून चाळीसेक पावलांवर. मी कधी उठलो नाही.

तिसऱ्या हंगामाला अक्काला कामावर बोलावलंच नाही. मग ती पाळी सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभी राहू लागली. बायकांच्या केसांत तूस दिसलं की पंखा बंद, एवढी सरळ तिची तपासणी. मॅनेजरच्या ते लक्षात आलं आणि त्यानं बायकांना हात-तोंड धुऊन, पदर झटकूनच बाहेर सोडायला सुरुवात केली. तर अक्का त्यांच्या कानामागं पाहू लागली. तिथलं तूस घामानं चिकटून बसतं, घाईच्या धुण्यानं जात नाही. मला तिचं हसू यायचं आणि रागही यायचा. पुढच्या दसऱ्याला सोनं द्यायला ती घरी आली आणि उंबऱ्याशीच बसली.

"भाऊ, तू वहीमा रोज लिखस. कधी उठीसन दखं का?"

मी लगेच अहिराणी सोडून ऑफिसच्या मराठीत शिरलो. "अक्का, मला सांगतात ते मी लिहितो. मी डोळ्यांनी पाहिलेलंच नाही, मग खोटं कसं?"

"कोर्टनी हुकूम दिधा. आते तो पाळतस का नही, हाई सांगाले एक मानूस लागस. तू शेस ना तठे?"

मी चहा पुढं केला. तिनं घेतला नाही. त्यानंतरही रस्त्यात भेटली की ती मला भाऊच म्हणायची, पण तो विषय तिनं पुन्हा काढला नाही... मला वाटतं, माझ्याबद्दलचा तिचा संशय त्या दिवशी संपला. तिची खात्री झाली.

रेखाचा फोन आल्यानंतर चार दिवसांनी मी त्या फाटकावर गेलो. निवृत्त म्हाताऱ्यानं बायकांच्या कानांकडे बघत उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून हातात पेपर धरला होता. पाळी सुटली. धुतलेले चेहरे, नीट घेतलेले पदर. मला वाटलं, चला, म्हणजे कोर्टानं काहीतरी केलं. तेवढ्यात एक बाई चपलेचा पट्टा लावायला वाकली. कानामागं पांढरं. मग दुसरीच्या, तिसरीच्या... मला तिथंच रडू आलं. ते अक्कासाठी होतं की स्वतःसाठी, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी जळगावला वकीलबाईंकडे गेलो. त्या आता थकल्यात. म्हणाल्या, "हुकूम अजून कायम आहे हो. तो मोडला जातोय हे शपथेवर सांगणारं आतलं माणूस कधी मिळालं नाही. पण तुम्ही सांगितलंत म्हणून पंखा कायमचा फिरेल, असं समजू नका. आणि तुम्हीही यात अडकाल."

मी सांगायला तयार आहे म्हटल्यावर त्यांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून वाचून दाखवला. 'पंखा चालू आहे की नाही, याची मी कधी खात्री करून घेतली नाही.' वाक्य सोयीचं होतं. त्यात मी आळशी ठरत होतो, खोटारडा नाही. मी ते खोडायला सांगितलं आणि म्हटलं, आता सांगतो तसं लिहा. पाण्याचा नळ माझ्या खिडकीखाली होता. पंखा बंद असला की बायका तिथं येऊन खोकायच्या, आणि त्यातला अक्काचा खोकला मला ओळखू यायचा. मी उठून खिडकी लावून घ्यायचो, मग नोंद करायचो.