बियाण्याची मुडी आणि उंदीर

उंदरांचा बंदोबस्त करायला पैसे लागत नाहीत, डोकं लागतं, असं मी गेल्या वर्षी भेटेल त्याला सांगत होते. गुहागरजवळच्या आमच्या जांभ्याच्या घरात, भात झोडून आत आणलं की उंदीर येतातच. गेल्या वर्षी जरा जास्तच माजले. औषध मारणाऱ्याला रत्नागिरीला फोन केला, त्याने सांगितलेला आकडा ऐकला आणि पदर खोचून मीच कामाला लागले.

भिंतीतली भोकं काचा घातलेल्या सिमेंटने बुजवली. शेजारून लाकडी पिंजरा मागून आणला, आत सुका बोंबील भाजून लावला. विषाचं नाव काढायचं नव्हतं, कारण घरात मांजर होती. पंधरा दिवसांत पिंजरा बऱ्याचदा भरला आणि माझी मान ताठ झाली.

खरी काळजी मुडीची होती. मुडी म्हणजे पेंढ्यात गच्च आवळून बांधलेलं बियाण्याचं भात. आमच्या सासूबाई ऐंशी पार केलेल्या, पण एका जुन्या तांबड्या भाताचं बी त्यांनी लग्न होऊन आल्यापासून मोडू दिलेलं नाही. गावात आता ते कुणाकडेच नाही. पूर्वी मुडी चुलीवर धुरात टांगलेली असायची. घरात गॅस आला, चूल मोडली, तशी ती माजघराच्या कोपऱ्यात आली. ती आढ्याला टांगायची असं मी ठरवलं.

नवरा जयगडच्या बंदरात कामाला. तो म्हणाला, जहाजाच्या दोरांवरून उंदीर चढू नयेत म्हणून तिथे पत्र्याच्या थाळ्या बसवतात. झालं, मी तेलाच्या डब्याचा पत्रा गोल कापला, मधे भोक पाडून दोरात ओवला. वरून कुणी उतरेल तर घसरून पडेल. फुकटात काम झालं.

सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "आधी सोड, उनात घाल, वारव. मग नव्यानं बांधून टांग."

रविवारची सुट्टी एकच, मला कपडे धुवायचे होते. चांगली बांधलेली मुडी कशाला सोडायची? मी "हो आई" म्हटलं आणि तशीच टांगली.

त्यानंतर रोज सकाळी मुडीखाली थोडं तूस पडलेलं असायचं. चिमण्यांचं काम, असं म्हणून मी झाडून टाकायचे. घरात कुठे उंदीर दिसत नव्हता, पिंजरा रिकामा राहायला लागला, आणि दोन शेजारणींना मी थाळ्या कापून दिल्या, सल्ल्यासकट.

मेअखेर पेरणीसाठी मुडी उतरवली. सासूबाईंनी दोर कापला आणि पेंढ्यातून एक उंदरीण टुणकन उडी मारून पळाली. आत पिल्लांसकट तिचं अख्खं बिऱ्हाड होतं. ती मुडीत आधीपासूनच होती. मी तिला तिच्या कोठारासकट वर टांगलं होतं, आणि दुसऱ्या उंदरांचा त्रास नको म्हणून वर थाळीही बसवली होती.

बाकी नुसतं तूस होतं. मला तोंड वर करवेना. त्यांनी रागवावं असं फार वाटत होतं, म्हणजे मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. त्यांनी सूप मागितलं. दुपारभर एकेक दाणा डोळ्यांजवळ धरून निवडला आणि शेवटी वाटीभर बी निघालं.

ते त्यांनी विहिरीजवळच्या एका वाफ्यात पेरलं. त्या भाताची पेज त्यांना जीव की प्राण. दिवाळीनंतर त्या तिचीच वाट बघत असतात. कापणी झाली, लहानसं टोपलं भरलं. मी म्हटलं, निदान तुमच्यापुरती एकदा पेज करते.

"ह्यातला दाणा शिजवायचा नाय," त्या म्हणाल्या. "सगळा बियाला. पेज फुडल्या वर्साला खाऊ."

ऐंशीच्या पुढची बाई किती सहज पुढच्या वर्षाचं बोलली. तेव्हा मला रडू आलं, आणि मे महिन्यापासून राहून गेलेली माफी मी त्यांच्याजवळ बसून मागितली. त्यांनी टोपलं माझ्याकडे सरकवलं आणि ऊन आहे तोवर वारवून घे म्हणाल्या.