काझीसाहेबांचा अकरावा रकाना

काझी नूरुद्दीनसाहेबांची आणि माझी पहिली भेट खटक्याचीच. नाशिकच्या विवाह नोंदणी कार्यालयात मी खिडकीवरचा कारकून. साहेबांनी पुढे केलेला उर्दू निकाहनामा मी "वाचता येत नाही" म्हणून परत सरकवला. ते चिडले नाहीत. "मग वाचता येईल असा करू," म्हणाले.

पुढचे सहा महिने ते इस्लामी कायद्याचे जुने ग्रंथ आणि आमचा सरकारी नमुना शेजारी-शेजारी उघडून बसले. "आमच्या किताबांनी साक्षीदार मागितले, तुम्ही कागद मागता. साक्षीदार मरतात, भाऊसाहेब. तुमचंही बरोबरच आहे." त्यातून मराठी निकाहनामा तयार झाला. वयाचा दाखला नाही म्हणून निफाडचं एक वऱ्हाड त्यांनी दारातूनच परत पाठवलं आणि मोहल्लाभर शिव्या खाल्ल्या.

त्यातल्या अकराव्या रकान्यावर मात्र त्यांचा विशेष जीव. नवऱ्याने मारलं, टाकलं, तर तलाकचा अधिकार बायकोकडे. हे जुन्या ग्रंथांनाही मंजूर. साहेबांनी फक्त ते सहीसाठी छापून घेतलं. मोहल्ल्याच्या सभेत त्यांनी तो वाचून दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मांडवात काय होतं? निकाहाआधी कुणी वडीलधारे पेन काढतात, "शुभ दिवशी तलाकचं नाव नको" म्हणतात आणि त्या रकान्यावर रेघ ओढतात. असे ढीगभर कागद मी शिक्के मारून आत घेतले. नियमात बसत होते ना!

पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडणारी शबाना नवऱ्याने टाकल्यावर आमच्याकडे आली. "काका, माझ्या कागदात तो रकाना हाय ना?" रकाना होता. त्यावर रेघही होती. तिचा निकाह साहेबांनीच लावला होता. मी त्यांना कागद दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून ती रेघ पाहिली. मग म्हणाले, "तिच्या मामूंनी रेघ मारली, मी समोर होतो. जेवण निवत होतं, म्हणून गप्प बसलो."

रकाना कटल्यामुळे शबानाला तलाकसाठी कोर्टात जावं लागलं. आता तिथल्या प्रत्येक तारखेला पंच्याहत्तर वर्षांचे साहेब तिच्या शेजारी बाकावर बसतात. पुढची तारीख पडते, दोघं परत येतात. यातून काही निघेल, असं मला आता वाटत नाही. साहेबांनाही वाटत नसावं, पण ते जातात.

म्हणून त्यांच्या पंच्याहत्तरीला दीर्घायुष्य चिंतताना मी अडखळतो. जितकी वर्षं मिळतील, तितक्या रेघा त्यांना पाहाव्या लागतील. तरीही मी त्यांच्यासाठी निरोगी शंभर वर्षं मागतो. ते नसले, तर रेघ मारायलाही तो रकाना कुणी छापणार नाही.